होडीमागचं पिल्लू

गणपती येऊन गेले की मुंबईत जे दिवस सुरू होतात, त्यांना धड नाव नाही. पाऊस संपलेला नसतो, पण त्याच्यातला जोर गेलेला असतो. ऊन पडलं की भाजून काढतं आणि दुपारी अचानक अंधारून येऊन दहा मिनिटं कोसळतं. गोवंडीत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून देवनारचा कचऱ्याचा डोंगर दिसतो. या दिवसांत त्याच्यावरही गवत उगवतं आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुठलंसं थंड हवेचं ठिकाण आहे. कपडे वाळत नाहीत. भिंतींना ओल असते. आई सकाळी खिडकी उघडते आणि म्हणते, "आज वास कमी आहे गं." मी मात्र वेगळाच वास शोधत असते. तेलकट, गोडसर, नाकात गेला की घशापर्यंत उतरणारा. तो गोवंडीत कधीच येत नाही. तरी दरवर्षी या दिवसांत मी दोन्ही तळवे नाकाशी नेऊन बघते.

मी पशुवैद्य आहे. देवनारला कत्तलखान्यात मांसाची तपासणी करते. हे सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात, मग चेहऱ्याकडे. जनावर जिवंत असताना मी ते बघते, आणि नंतर त्याचं काळीज, फुप्फुसं, गाठी बघते. निरोगी असेल तर शिक्का मारते. बाबा वाशिमहून मुंबईला आले तेव्हा याच भागात हमाली करायचे. मुलगी डॉक्टर झाली याचा त्यांना अभिमान होता, कुठली डॉक्टर हे ते नातेवाइकांना जरा हळू आवाजात सांगायचे. समुद्राशी आमचा कधी संबंध आला नाही. समुद्र म्हणजे वर्षातून एकदा जुहूला जाऊन घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं आणि भेळ खाऊन परत यायचं. मला पोहता येत नाही.

चार वर्षांपूर्वी याच दिवसांत महेशचा फोन आला. महेश माझ्याबरोबर कॉलेजला होता आणि आता वनखात्यात आहे. इकडचं तिकडचं काही न बोलता त्याने विचारलं, "सुजे, डॉल्फिन कापशील?"

"मी म्हशीसुद्धा कापत नाही रे. तपासते."

"तेच. वर्सोव्याला किनाऱ्यावर मेलेला लागलाय. आमचा नेहमीचा डॉक्टर गावाला गेलाय आणि हे प्रकरण थांबणारं नाही. ऊन बघतेस ना?"

माझ्या सुऱ्या मी पिशवीत भरल्या. घाटकोपरहून मेट्रो सरळ वर्सोव्याला जाते, पण सुऱ्या घेऊन मेट्रोत कोण बसू देणार? म्हणून रिक्षा केली. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना जेवढे सिग्नल लागतात तेवढ्या वेळात ते जनावर किती फुगेल, याचाच हिशेब डोक्यात चालू होता. अंधेरीला रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "मॅडम, पिशवीत काय वाजतंय?" मी म्हटलं, "भांडी."

वाळूवर गर्दी होती. मोबाइल वर धरलेले हात, आणि मधोमध ती. मादी होती, हे मला जवळ गेल्यावर कळलं. राखाडी अंग, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. माझ्यापेक्षा दीडपट लांब. आणि शेपटीच नव्हती. जिथे शेपटीचे दोन पंख असायला हवेत तिथे सरळ, स्वच्छ काप होता. माश्या बसल्या होत्या.

"बघा, कसं कापलंय," गर्दीतला एक जण म्हणाला. "जिवंतपणी कापलंय."

कोळीवाड्यातल्या दोन-तीन बायका मागे उभ्या होत्या. त्यांतली एक पुढे आली. "तू काय आमच्यावर केस टाकायला आलीस का गो?"

मी पिशवी उघडली. हातमोजे घातले आणि वाळूत गुडघे टेकले.

चोचीभोवती बारीक रेषा होत्या, जाळीदार, कातडीत रुतलेल्या. तशाच हातासारख्या पंखांच्या कडेवर. नायलॉनचं जाळं. श्वासनळीत फेस. पोटात मांदेली मासळी, अगदी ताजी, मोजता येतील इतकी अख्खी. म्हणजे आजारी नव्हती, उपाशी नव्हती. जेवता जेवता अडकली होती आणि श्वास घ्यायला वर येता आलं नव्हतं. डॉल्फिन हा मासा नाही, त्याला आपल्यासारखी हवा लागते, हे शाळेत सगळेच शिकतात. पाण्याखाली हवेसाठी धडपडून मेलेली फुप्फुसं हातात घेतली की ते वेगळं कळतं.

मग मी शेपटीचा काप बघितला. कडा पांढऱ्या होत्या. पुन्हा पुन्हा बघितलं, पाण्याने धुऊन बघितलं. कातडीखाली रक्त साकळलेलं नव्हतं. ही एक गोष्ट मला कोणी शिकवायची गरज नाही. मी तीच रोज बघते. जिवंत अंगावरचा काप आणि मेलेल्या अंगावरचा काप यांत चूक होऊ शकत नाही.

"मेल्यावर कापलीय," मी महेशला म्हटलं. "जाळ्यातून काढायला."

"रिपोर्टमध्ये ते लिहितेसच. पण सुरीने कापलीय हेही लिहावं लागेल. हा प्राणी कायद्यात वाघाच्या रांगेत आहे, सुजे. कोणाची होडी होती हे मला शोधावं लागणार."

मी मान हलवली आणि पोटाच्या खालच्या बाजूला हात नेला. दाबल्यावर कातडीच्या दोन बारीक चिरांमधून पांढरं, घट्ट काहीतरी बाहेर आलं. मला क्षणभर पू वाटला. मग वास आला. तो वास, ज्यासाठी मी अजून तळवे हुंगते. दूध होतं ते. माझ्या हातमोज्यावरून ओघळून वाळूत उतरलं आणि जिरलं.

मघाची ती बाई वाकून बघत होती. तिने तोंडावर पदर धरला. "बाय माझे," ती हळूच म्हणाली, "हिचं पोर कुठं हाय?"

आम्ही सगळ्यांनी, अगदी मोबाइलवाल्यांनीसुद्धा, समुद्राकडे बघितलं. ओहोटी लागली होती. पाणी राखाडी होतं आणि त्याच्यावर काहीच नव्हतं.

त्या दिवशी घरी मी तीनदा आंघोळ केली. आईने ताट वाढलं आणि समोर बसली. ती माझ्या कामाबद्दल कधी विचारत नाही. रोज सकाळी वंदना म्हणते, पंचशील म्हणते, त्यात प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं वचनही येतं, आणि मग मला डबा भरून देते. त्या दिवशी मात्र तिने विचारलं, "एवढं काय झालं?" मी सांगितलं. ती बराच वेळ बोटांनी ताटातला भात सारखा करत राहिली. "किती दिवस राहील ते, दुधाशिवाय?"

"वयावर आहे. अगदी लहान असेल तर दोन-चार दिवस."

"आणि जरा मोठं असेल तर?"

"तर मासे पकडायला शिकलं असेल. किंवा नसेल."

कॉलेजात असताना देवमाशांच्या शिकारीबद्दल वाचलं होतं. लांबच्या थंड समुद्रांत माणसं भाले घेऊन महिनोन्‌महिने जायची, देवमासा गाठायची, आणि त्याच्या चरबीचं तेल काढून शहरांत दिवे लावायची. त्या वयात ते वाचून संताप आला होता. पुढे कत्तलखान्यात लागले आणि संताप राहिला तरी त्याचा आकार बदलला. भाला मारणारा निदान समोर उभा असतो. आपण काय करतोय हे त्याला माहीत असतं. आमच्याकडेही प्रत्येक जनावरामागे एक माणूस असतो, एक नोंद असते, माझा शिक्का असतो. पण वर्सोव्याच्या त्या मादीला मारायचं कोणाच्याच मनात नव्हतं. जाळं मांदेलीसाठी होतं. लावणारा घरी जेवत असेल. समुद्रात कुठल्याशा पुलाचे खांब ठोकत होते, ते पुलासाठी ठोकत होते. नाल्यांचं पाणी खाडीत जातं, ते आपल्या मोरीतून दूर जावं म्हणून जातं. न मारता एवढं मारता येतं, आणि शिक्का मारायला कोणी लागत नाही. रिपोर्टमध्ये मी जे खरं तेच लिहिलं. जाळ्यात गुदमरून मृत्यू. शेपटी धारदार हत्याराने, मृत्यूनंतर कापलेली. दूध पाजणारी मादी.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या रखवालदाराने आत फोन केला. "मॅडम, एक माणूस तासभर उभा आहे. डॉक्टरबाईंनाच भेटायचं म्हणतो. बकऱ्यांचा व्यापारी वाटत नाही."

पन्नाशीचा माणूस होता. उन्हाने काळवंडलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, पायात नवीन चप्पल. कचेरीत जायचं म्हणून कपडे केले होते हे दिसत होतं. त्याने नाव सांगितलं हरेश्वर. वर्सोव्याला स्वतःची छोटी होडी आहे, भागीदार आणि तो मिळून चालवतात.

"मॅडम, तुमीच कापलंत ना गाद्याला?" गादा म्हणजे डॉल्फिन, तिकडे तसंच म्हणतात. "तुमचा पत्ता इचारत इचारत आलो."

"बोला."

मागून जनावरांनी भरलेला ट्रक आत आला, आम्ही दोघं बाजूला झालो. ट्रक गेल्यावर तो म्हणाला, "पोर हाय तिचं. माझे होरीच्या मागं फिरतंय."

"म्हणजे?"

"तीन दिस झाले. खाडीतून बाहेर पडलो का येतंय. होरीला घासून चालतंय. जालं टाकायला गेलो तर जाल्यापाशी येतंय. मग मी टाकतच नाय. तसाच परत येतो." त्याने रुमालाने मान पुसली. "भागीदार बोलतो, तू येडा झालास. हे दिस मासळीचे, आनि तू रिकामी होरी फिरवतोस."

मी विचारू नये ते विचारलं. "तुमच्याच होडीमागे का?"

हरेश्वरने माझ्याकडे बघितलं, मग गेटकडे, मग आपल्या नव्या चपलांकडे. "ते मना नको इचारू, बाय," तो म्हणाला. मॅडमवरून तो बायवर कधी आला हे त्याच्या लक्षातही आलं नसावं. "पकडून देयाचं तर द्या मागून. आधी चला. तुमी डॉक्टर हाव ना?"

मी महेशला फोन केला. पिल्लू सापडलंय, एक होडीवाला नेऊन दाखवतोय, एवढंच सांगितलं. कोणाच्या होडीमागे आणि का, यातलं काही बोलले नाही. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं हरेश्वरच्या होडीत बसून वर्सोव्याच्या खाडीतून निघालो. महेशने मला नारिंगी जॅकेट घातलं आणि पट्टे आवळले. "ओरडू नकोस फक्त," तो म्हणाला. मी होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. खाडीचं तोंड ओलांडलं तशा लाटा लांब झाल्या आणि किनाऱ्यावरच्या इमारती एकदम लहान दिसायला लागल्या. पायांखाली, होडीच्या तळातून, थड थड असा दणका येत होता. मला इंजिन वाटलं.

"इंजिन नाय," हरेश्वर म्हणाला. "खांब ठोकतायत. पान्यातून येतंय. आपल्याला पायाला लागतंय, त्यांना डोक्यात लागत असंल."

मग त्याने इंजिन मंद केलं. "आलं."

मला काही दिसलं नाही. नुसता आवाज आला. फुस्स. कोणीतरी दमून श्वास सोडावा तसा, अगदी कानाजवळ. मी खाली बघितलं. होडीच्या सावलीत, हात घातला तर लागेल इतक्या अंतरावर, साडेचार फुटांचं राखाडी अंग होडीला घासत चाललं होतं. एका बाजूला कलून त्याने वर बघितलं. त्याचा डोळा दिसला. मी इतकी वर्षं जनावरांचे डोळे बघत आलेय, पण त्या डोळ्याकडे मला बघवेना.

"किती वयाचं?" महेशने विचारलं.

जन्मताना त्यांच्या अंगावर घड्यांच्या रेषा असतात. त्या जवळजवळ मिटल्या होत्या. फासळ्यांवरचं मांस मात्र उतरायला लागलं होतं, डोक्यामागे खळगा पडला होता. "काही महिन्यांचं. मधलंच वय. जगेलही, मरेलही."

"उचलून नेऊ या का? कुठेतरी टाकीत?"

"उचललंस तर भीतीनेच मरेल, महेश. आणि नेणार कुठे? कोण दूध देणार? एकच होऊ शकतं. त्याच्या जातीचे दुसरे सापडले तर. त्यांच्यात एखादी मादी दुसऱ्याचं पोर सांभाळते कधी कधी. नेहमी नाही."

"मनोरीच्या खाडीच्या तोंडाला असतात ते," हरेश्वर म्हणाला. "ओहोटीला येतात, मासळी बाहेर पडते तवा."

"मग तिकडे न्या."

होडीमागे पिल्लू येत होतं, म्हणून होडीच घेऊन जायची. ऐकायला सोपं होतं. मढ मागे टाकलं आणि समोर पाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसली. थर्माकोलचे तुकडे, बाटल्या, एकामागून एक, नजर पोचेल तिथपर्यंत. दुसऱ्या कोणाचं तरी जाळं. हरेश्वरने होडी वळवली आणि ओळीच्या कडेकडेने, बाहेरच्या बाजूला नेली. पिल्लू होडीच्या उजव्या अंगाला होतं, जाळ्याच्या बाजूला. हरेश्वरने होडी हळूहळू बाहेर, जाळ्यापासून लांब घेतली आणि पिल्लाला होडीखालून डावीकडे यायला लावलं. तोंडाने तो सतत काहीतरी पुटपुटत होता. ओळ संपायला पाऊण तास लागला. ती संपली तोवर पुढची दिसली.

मी घड्याळ लावून त्याचे श्वास मोजत होते. सुरुवातीला मिनिटाला दोन. आता चार. थकत होतं.

दुसऱ्या ओळीच्या टोकाशी एक मोठी बोट वेगाने आडवी गेली. आमच्याकडे तिने बघितलंही नाही. तिच्या लाटेने आमची होडी इतकी कलली की मी ओरडलेच. लाट शांत झाली तेव्हा पिल्लू नव्हतं.

डावीकडे नाही. उजवीकडे नाही. हरेश्वरने इंजिन बंद केलं आणि उभा राहिला. एक मिनिट गेलं. दोन. मी ठिपक्यांच्या ओळीकडे बघत होते, एखादा ठिपका खाली ओढला जातोय का. तीन मिनिटं. महेश हळूच म्हणाला, "सुजे..."

"गप्प बस."

फुस्स.

मागच्या बाजूला. इंजिनाच्या पंख्यापासून दोन हातांवर. पंख्याकडे बघत हरेश्वरने कपाळाला हात लावला. त्या तीन मिनिटांत त्याने घाईने इंजिन चालू केलं असतं, तर काय झालं असतं, हे तिघांनाही दिसलं होतं.

मनोरीच्या खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ओहोटी जोरात लागली होती. आणि ते तिथे होते. पाच पाठी. एकामागून एक वर येत होत्या, उंचवटे दाखवून खाली जात होत्या. हरेश्वरने लांबच इंजिन बंद केलं. पिल्लाने होडी सोडली नाही. उलट अजून चिकटलं. पाच पाठी जवळ आल्या, लांब गेल्या, पुन्हा आल्या. त्यातली एक होडीपासून वीसेक फुटांवर थांबली. पाण्याखालून बारीक शिट्टीसारखा आवाज होडीच्या तळातून आम्हाला ऐकू आला. पिल्लाने एक गिरकी घेतली आणि परत होडीपाशी आलं.

"होरी हाय तवर ते जायचं नाय," हरेश्वर म्हणाला.

"मग आपण जाऊ," महेश म्हणाला.

"इंजिन लावलं का मागं येईल. आवाज वळखतंय ते माझे इंजिनचा."

म्हणून आम्ही काहीच केलं नाही. पाणी होडीला ओढत होतं, आम्ही वाहत होतो. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. मग महेशचा चेहरा बघितला आणि वळून पाहिलं. समोर काळे खडक होते. लाट त्यांच्यावर चढून पांढरी होत होती. शंभर पावलं असतील. मग सत्तर.

"इंजिन लाव," महेश म्हणाला.

"थांबा, साहेब."

"तिला पोहता येत नाही! लाव इंजिन!"

हरेश्वरने वल्हं उचललं आणि दोन्ही पाय रोवून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. विचारत होता तो, तोंडाने नाही. मला एवढी भीती पूर्वी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. मघाशी थांबलेली ती मोठी पाठ पुन्हा आली होती; मादीच असावी. ती आता पिल्लाच्या आणि होडीच्या मध्ये होती. तिचं अंग पिल्लाला लागत होतं.

"थांबा," मी म्हटलं.

खडकांचा आवाज वाढला. तोंडावर तुषार यायला लागले. ती मादी पिल्लाला अंगाने ढकलत होती, एकदा, दोनदा. पिल्लू होडीकडे वळलं, तिने वाट अडवली. मग दोघं खाली गेले. वर आले ते चाळीस फुटांवर. पुढच्या वेळी अजून लांब. लहान पाठ मोठ्या पाठीला चिकटलेली. वल्ह्याचं टोक खडकाला खाडकन लागलं, हरेश्वरने सगळं अंग त्याच्यावर टाकलं, होडी थरथरली.

"आता," तो म्हणाला आणि दोरी ओढली. पहिल्यांदा इंजिन लागलं नाही. दुसऱ्यांदा लागलं.

आम्ही बाहेर पडलो. कोणीही मागे बघत नव्हतं. बऱ्याच वेळाने मीच बघितलं. होडीच्या मागे नुसतं पाणी फाटत होतं.

परतताना महेश सिगारेट पेटवायचा प्रयत्न करत होता आणि काडी सारखी विझत होती. हरेश्वर इंजिनाशी बसला होता. तो महेशकडे न बघता म्हणाला, "साहेब, ती शेपटी मी कापली."

महेशने काडी टाकली.

"माझेच जाल्यात होती. सकाली ओढलं तवा मेलेली. शेपटीला जालं पिळून बसलेलं. जालं नवीन व्हतं." त्याने इंजिनाचा दांडा घट्ट धरला. "मी हात लावून बगितला. जीव नव्हता तिचा. खोटं नाय बोलत. पन कोन इस्वास ठेवनार? तिथं सगले बोलत व्हते, जित्तेपनी कापली."

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "मेली होती ती. कडेला रक्त नव्हतं. मी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो माणूस, इंजिनाच्या दांड्यावर एक हात तसाच ठेवून, रडायला लागला. होडी जराही हलू दिली नाही त्याने. सरळ खाडीच्या तोंडाकडे नेत होता.

"सुजे, तुला ठाऊक होतं ना? कोण ते?" महेशने हळू आवाजात विचारलं.

"अंदाज होता."

"मला सांगितलं नाहीस."

"नाही."

त्यानंतर वर्षभर महेश माझ्याशी कामापुरतंच बोलला. हरेश्वर दुसऱ्या दिवशी स्वतः त्याच्या कचेरीत गेला. चौकशी झाली, जाळं जप्त झालं, बरेच महिने हेलपाटे झाले. रिपोर्टमधला 'मृत्यूनंतर' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचला गेला, मला बोलावून विचारला गेला, आणि शेवटी चुकून अडकल्याची नोंद होऊन ते मिटलं. भागीदाराने त्याला सोडलं. काही घरांनी बोलणं टाकलं. कबूल कशाला केलंस, आता प्रत्येक मेलेल्या गाद्याला आपल्यालाच विचारतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. पण पुढच्या हंगामात कोळीवाड्यातून महेशला तीन फोन गेले, होडीवरूनच. पूर्वी अशी जनावरं दगड बांधून बुडवली जायची. त्या तीनपैकी एक जिवंत होतं, आणि ते जाळं कापून सोडलं.

मी गेले ते फक्त मेलेल्यांपाशी. माझ्याकडे तेच येतात. जे जगतात ते मला दिसत नाहीत, ही माझ्या कामाची रीतच आहे, कत्तलखान्यातही आणि वाळूवरही. म्हणून या दिवसांत एकदा तरी मी हरेश्वरला फोन करते. दरवर्षी तेच विचारते.

"दिसलं का हो?"

"नाय, बाय."

महेश म्हणतो, जगलं असणार यार, तू उगाच डोकं खातेस. मला माहीत आहे की ते आता मोठं झालं असेल, रंग बदलला असेल, पाठीवर उंचवटा आला असेल, आणि पन्नास पाठींमध्ये ते हरेश्वरला ओळखूही येणार नाही. किंवा त्याच आठवड्यात ते मेलंही असेल आणि पाण्याने कुठे नेलं असेल देव जाणे. दोन्ही शक्य आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला 'कारण अज्ञात' असं लिहायला कधी जड गेलं नाही, या एकाच बाबतीत जातं.

गेल्या आठवड्यात फोन केला तेव्हा मी जरा चिडूनच म्हटलं, "एकदा तरी 'दिसलं' म्हणा ना. मी काय बघायला येणार आहे?"

पलीकडे वारा होता, इंजिन होतं.

"खोटं कशाला बोलू, बाय? नाय दिसलं." मग म्हणाला, "पन मनोरीच्या तोंडाला मी जालं टाकत नाय."

"कधीपासून?"

"त्या दिसापासून."

मी विचारलं, "आणि बाकीचे?"

"दोगांनी सोडलं. बाकीचे टाकतात," तो म्हणाला. "चल, ठेवतो. भरतीचं पानी चढायला लागलं."